सातव्या दिवसाची भट्टी

नांतवेन,
१८ नोव्हेंबर १८८०

प्रिय गोमर,

खाणीवरचा तुझा पंखा चालू झाल्याला आता महिना होईल, आणि महिनाभर माझ्या फळीवरचे कप नाचताहेत. कालच आईचा निळ्या काठाचा कप नाचत नाचत खाली आला. तुकडे ठेवलेत, येशील तेव्हा चिकटव. शहाणा इंजिनियर झालास ना!

चेष्टा नाही करत रे. पहिले काही दिवस मीही बायकांना कौतुकाने सांगत होते, हे एवढं थोरलं चाक माझ्या धाकट्या भावाने कागदावर काढलंय म्हणून. पण ते धडधडणं! धप्, धप्, धप्. जेवताना तेच, निजताना तेच. आमच्या नेस्ताची दाढ दुखतेय, पोर आधीच किरकिरते, त्यात हे. आणि बेथाबारा चॅपल तर पंख्याच्या भिंतीला लागून. रविवारी पाळक मोझेस हॉवेल डोळे मिटून प्रार्थनेला लागले, आणि पंख्याच्या ठेक्यावर बोलायला लागले. धप्, हे प्रभू, धप्, आम्हांस, धप्. मागच्या बाकावरची पोरं हसली. इलायस, तुझा भाऊजी, पुढे चॅपलचा कारभार बघणाऱ्या डीकनांच्या बाकावर बसला होता, त्याचं तोंड बीटासारखं लाल. पंख्याचं इंजिन तोच चालवतो ना, सगळे त्याच्याकडेच बघतात.

बाबांचं काय सांगू? खाणीच्या उभ्या शाफ्टच्या तळाची भट्टी विझवली त्या दिवसापासून घरात मुके झालेत. तीस वर्षं त्या भट्टीला कोळसा घातला, तिच्या उष्णतेने खाणीची हवा वर ओढली, आणि आता कंपनीने त्यांना खाली घोड्यांच्या तबेल्यात दाणापाणी करायला ठेवलंय. तुझं नाव काढलं की उठून बाहेर जातात. मी दमले बाबा मधे उभी राहून. तू तरी त्यांना चार ओळी लिही.

तुझी ताई,
सेफोरा

०

स्वान्सी,
२९ नोव्हेंबर १८८०

प्रिय ताई,

कपाचं वाईट वाटलं. आईचा होता.

बाबांना मी तीनदा लिहिलं. उत्तर नाही. तू म्हणतेस लिही, मी लिहितो, पण भिंतीशी किती बोलणार? मी काही त्यांची भट्टी विझवायला इंजिनियर झालो नाही. त्या शेजारच्या दरीत भट्टीवरून गॅस पेटला तेव्हा मी लहान होतो, पण ते शवपेट्यांचं गाडं मला आठवतं. म्हणून मी या पंख्यांच्या मागे लागलो. हे त्यांना ठाऊक आहे. तरी त्यांच्या लेखी मी घरभेदीच.

इकडे माझंही काही बरं चाललेलं नाही. तुमच्या मॅनेजरचं, मिस्टर लँगफर्डचं, आमच्या कारखान्याला पत्र आलंय. आठवडाभर हवा उत्तम, पण सोमवारी सकाळी वरच्या बोगद्यांत गॅस सापडतो. दिव्याची ज्योत लांब होते, माणसं परत पाठवावी लागतात. शिवाय पंख्याच्या आसाखालची वंगणाची चरबी सोमवारीच वितळून वाहिलेली असते. आमच्या मालकांनी ते पत्र माझ्या टेबलावर आपटलं आणि म्हणाले, “प्यू, हे तुझं बाळ. तूच निस्तर.”

ताई, मी सगळा हिशोब पुन्हा केला. पात्यांचा बाक तपासला, आस तिरका बसलाय का पाहिला, चिमणी वर पुरेशी रुंद होते की नाही तेही पाहिलं. काही सापडत नाही. एखादं यंत्र फक्त सोमवारी कसं चुकेल? डोळे दुखायला लागलेत. कधी कधी वाटतं, बाबांचंच खरं, आग आपल्याला कळते, हे चाक कळत नाही.

आवाजाचं मात्र मला कळलंय. चाकाभोवती विटांचं घर आहे, त्यातून हवा चिमणीत जाते तिथे एक झडप आहे. तिची कड सरळ आहे. प्रत्येक पातं त्या कडेजवळून गेलं की हवा फाडकन तुटते, तोच तुझा धप्. काहीतरी करतो. तोवर कप खालच्या फळीवर ठेव.

तुझा,
गोमर

०

नांतवेन,
१० जानेवारी १८८१

प्रिय गोमर,

नाताळाला आला नाहीस. मनुकांचा पाव तुझ्या वाट्याचा ठेवला होता, शेवटी इलायसने खाल्ला. कामाचं निमित्त पुरे झालं आता.

पण आज चांगल्या बातम्या आहेत, म्हणून मुद्दाम वेळ काढून लिहितेय. एक म्हणजे, रविवारी आम्हांला शांतता मिळते! इलायस आणि डीकन मंडळींनी बसून ठरवलं. रविवारी सकाळच्या उपासनेआधी पंखा बंद, संध्याकाळची उपासना संपली की चालू. खरं म्हणजे नोव्हेंबरपासूनच चाललंय, पण मला सांगू नको म्हणून तंबी होती, तुला लिहीन म्हणून. आता सांगते. मिस्टर लँगफर्ड शनिवारीच कार्डिफला बायकोकडे जातात, सोमवारी येतात, त्यांना पत्ता नाही. तू बोलू नकोस हं. चाकालाही एक दिवस विसावा नको का? आपण बटाटेसुद्धा शनिवारीच सोलून ठेवतो. आणि बाबांनी सगळ्यांना सांगितलं, भट्टीच्या काळातही रविवारी आग दडपूनच ठेवायचो, कधी कुणाचं नख दुखलं नाही. तीस वर्षं भट्टी राखलेला माणूस सांगतोय म्हटल्यावर कोण काय बोलणार? गेल्या रविवारी तर गाणं असं रंगलं, मला रडूच आलं.

दुसरी बातमी त्याहून मोठी. बाबा बोलायला लागले! सकाळची उपासना झाली की घोड्यांना दाणा घालायला खाली जातात, बराच वेळ तिथेच असतात, आणि वर येतात ते गुणगुणत. घोड्यांचा लळा लागला असेल. काल तर भुवया काजळलेल्या, तोंडावर घाम, आणि दोन वाट्या मटणाचं सार मागून घेतलं. मी म्हटलं, “बाबा, तबेल्यात एवढी काजळी कुठली?” तर म्हणाले, “म्हातारं घोडं फुरफुरतं, धूळ उडते.” आणि हसले. केवढ्या दिवसांनी हसले रे.

बर्फ खूप पडलाय. सगळं गाव पांढरं, फक्त पंख्याच्या शाफ्टभोवती रविवारी दुपारी बर्फ वितळून काळी माती दिसते. नेस्ता म्हणते, तिथे उन्हाळा राहतो.

तुझी ताई,
सेफोरा

०

स्वान्सी,
१२ जानेवारी १८८१

ताई,

हे पत्र मिळाल्याबरोबर चूल सोडून वाच, आणि घरात कुणी असेल तर दार लाव.

तबेला हवा उतरते त्या शाफ्टजवळ आहे. तिथे काजळी नसते. घोडं फुरफुरलं म्हणून कुणाच्या भुवया काळ्या होत नाहीत. रविवारी पंखा बंद असतो तेव्हा दुसऱ्या शाफ्टमधून, हवा वर चढते त्या शाफ्टमधून, गरम हवा येते. म्हणून तिथलं बर्फ वितळतं. म्हणून आसाखालची चरबी वाहते. मी दीड महिना माझ्या नकाशात चूक शोधत बसलो. बाबा रविवारी भट्टी पेटवताहेत.

देवा! ताई, मला राग येत नाही, मला नुसती भीती वाटतेय. नीट ऐक. पूर्वी भट्टी आठवडाभर पेटलेली असायची. शाफ्टच्या विटाच एवढ्या तापलेल्या की रविवारी आग दडपली तरी हवा आपोआप वर चढत राहायची. बाबांचं ते म्हणणं खोटं नाही. पण आता त्या विटा सहा दिवस थंड असतात. पंखा थांबला की हवा जागच्या जागी थांबते, आणि जुन्या रिकाम्या बोगद्यांतून गॅस बाहेर येऊन साठतो. एका माणसाने फावड्याने चार तास कोळसा घातला म्हणून तो शाफ्ट तापत नाही. आणि सगळ्यांत वाईट ते पुढेच आहे. संध्याकाळी भाऊजी पंखा चालू करतात. पंखा दिवसभर साठलेला सगळा गॅस ओढून घेतो. कुठून? त्या भट्टीवरून. तिच्यात निखारे असतात. आणि त्याच वेळी रात्रपाळीची डागडुजीवाली माणसं खाली उतरत असतात.

एवढे रविवार काही झालं नाही, ही नुसती देवाची मर्जी आहे.

येत्या रविवारच्या आत इलायसभाऊजींशी बोल. पंखा थांबवायचा नाही आणि भट्टीला काडी लावायची नाही. एक जरी पाळलं नाही तरी बाबा त्या आगीच्या सगळ्यांत जवळ असतात. तूच त्यांना सांग, माझं नाव घेऊ नकोस.

गोमर

०

नांतवेन,
१५ जानेवारी १८८१

प्रिय गोमर,

तुझं पत्र वाचलं आणि दार लावून घेतलं. इलायस जेवायला बसला होता. मी ताट पुढ्यातून ओढलं आणि विचारलं, “बाबा भट्टी पेटवतात हे तुला ठाऊक आहे का?” तोंडातला घास तसाच. त्याला ठाऊक होतं रे. शाफ्टचं झाकण तोच उघडून देतो, धूर जायला.

मी म्हटलं, “तू डीकन ना? रविवारी, सब्बाथाला, पंखा चालवणं पाप, आणि भट्टी पेटवणं पुण्य?”

तर म्हणे, “पंखा चालवणं हे काम. आग राखणं ही गरज. बैल विहिरीत पडला तर सब्बाथाला काढतोच की.”

“बैल कोण, तू की बाबा?”

मग खाली मान घालून म्हणाला, “सेफोरा, मी पोरका होतो तेव्हा ह्या माणसाने मला भट्टीपाशी झोपायला जागा दिली. छत कोसळलं तेव्हा ओढून काढलं. ते माझ्याकडे एकच गोष्ट मागतात. मी कुठल्या तोंडाने नाही म्हणू?”

बाबांना मी तुझं नाव न घेताच सांगितलं. पण ते काय दुधखुळे आहेत? म्हणाले, “हे शब्द तुझे नाहीत. हे स्वान्सीहून आलेत.” मग खुर्चीत मागे टेकले. “त्याला म्हणावं, तू रांगत होतास तेव्हापासून मी हवा ओळखतो. गॅससाठी भट्टीच्या बाजूने वेगळी वाट असते, आगीला न शिवता वर जाते. त्याने नकाशावर बुजवली. मी दोन दगड काढून मोकळी केलीय.” आणि मला विचारतात, “तिथे दिवा कसा जळतो हे त्याने कधी बघितलंय? की नुसता कागदच जाळलाय?”

मी रडले. आई गेल्यावर रडले नव्हते एवढी रडले. मग इलायसने बायबलवर हात ठेवला, की पंखा बंद करणार नाही, तुझी नवी झडप येईपर्यंत प्रवचनापुरता हळू करेल, बस्स. बाबांनी नुसती मान हलवली. म्हणजे ऐकलं त्यांनी.

आता माझी एक विनंती. हे कुणाला कळवू नकोस. मॅनेजरला कळलं तर दोघांची नोकरी जाईल, आणि हे घर कंपनीचं आहे. मला पुन्हा दिवस गेलेत, तुलाच पहिलं सांगतेय. बर्फात मी कुठे जाऊ?

तुझी,
सेफोरा

०

स्वान्सी,
२४ जानेवारी १८८१

प्रिय ताई,

तुझी बातमी वाचून आनंद झाला आणि काळजीही. नीट खात जा. शिंपल्यांची बरणी पाठवतोय, तुला आवडतात.

दोन दगड! दोन दगडांच्या फटीतून एवढा गॅस जात असता तर आम्हां लोकांना पगार कशाला मिळाला असता? असो. भाऊजींनी शपथ घेतली आहे ना, मी तिच्यावर विसंबतो. माझ्या जिवाला ते सोपं आहे, म्हणूनच मला भीती वाटते.

झडपेचं जमलंय. सरळ कडेऐवजी घराच्या छपरासारखी टोकदार खाच कापली. आता पातं कडेजवळून जाताना हवा एकदम न तुटता हळूहळू तुटेल, दार आपटण्याऐवजी हलकेच लोटल्यासारखी. मालक म्हणाले, “चॅपलच्या प्रार्थनेसाठी लोखंड कापतोस?” मी म्हटलं, हो. हसले, पण पैसे मंजूर केले. इथल्या छोट्या नमुन्यावर आवाज जवळजवळ गेला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी पुरी झोप घेतली.

पाच तारखेला शनिवारी झडप घेऊन मीच येतो. पंखा शांत झाला की चॅपलची तक्रारच उरणार नाही. बाबांकडेही कारण उरणार नाही. आईच्या कपाचे तुकडे काढून ठेव.

तुझा,
गोमर

०

नांतवेन,
१४ फेब्रुवारी १८८१

प्रिय गोमर,

तू गेल्यापासून गावात तुझंच नाव आहे. पाळक हॉवेल रविवारी व्यासपीठावरून म्हणाले, ज्या प्रभूने वादळ निवळवलं त्याने आपल्या एका मुलाच्या हाताला हे शिकवलं. सगळे माझ्याकडे वळून बघत होते. कप जागचे हलत नाहीत. नेस्ता तर भिंतीला कान लावून बघते, चाक आहे की गेलं.

तू होतास तेव्हा बाबा वागले त्याचं मनावर घेऊ नकोस. एकाच टेबलावर बसून “नेस्ता, पाहुण्यांना मीठ हवंय का विचार,” हे काय बोलणं झालं? पण तू गेल्यावर फाटकापाशी बराच वेळ उभे होते. मी बघितलं.

एवढंच लिहून पत्र बंद करायचं ठरवलं होतं. नाही करवत.

काल सकाळची उपासना झाली. आता प्रवचनात पंख्याचा आवाज येतच नाही, नुसती घुमघुम, तीही कान दिला तर. इलायस उपासना संपल्यावर घाईने गेला, त्याचा डबा राहिला म्हणून मी पंख्याच्या घरी द्यायला गेले. आत चाक उभं होतं, गोमर. एकही पातं हलत नव्हतं. शाफ्टचं झाकण उघडं, आणि आतून भाकरी भाजताना तव्यावरून येते तशी ऊब. इलायस स्टुलावर बसला होता, डोकं धरून.

म्हणाला, शपथ तुझी झडप बसेपर्यंतच टिकली. काल बाबा येऊन समोर उभे राहिले. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, “आठवड्याचे सहा दिवस त्याचे. सातवा माझा. तेवढा तरी राहू दे.” आणि हा उठला, वाफ बंद केली.

पूर्वी पंखा थांबला की साऱ्या गावाला कळायचं. आता तुझ्या झडपेमुळे चालू काय, बंद काय, घराघरांत कुणालाच कळत नाही. मी चॅपलच्या पायऱ्यांवर उभी राहिले. बायका हसत घरी जात होत्या. त्यात हाना बेव्हन होती, तिचा नवरा आणि दोन मुलगे रविवारच्या रात्रपाळीला उतरतात. मला म्हणाली, “काय गं, तुझ्या भावाने किती पुण्य जोडलं!” मी हसले. माझं तोंड हसलं.

मला काय करावं कळत नाही. मी थकले. तू काही करू नकोस असं लिहिणार होते, आणि हात चालत नाही.

सेफोरा

०

स्वान्सी,
१६ फेब्रुवारी १८८१

प्रिय ताई,

मी आज मिस्टर लँगफर्डना पत्र लिहिलं. सगळं लिहिलं. आधी तुला विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस आणि मी ऐकलं असतं.

सरकारी निरीक्षकाला लिहिलेलं नाही, कोर्टकचेरी होऊ नये म्हणून. भट्टी विटांनी बंद करा, एवढंच मागितलं. बाबा आणि भाऊजी यांना ठेवून घ्या म्हणून हात जोडलेत. ते ऐकतील असं मला वाटत नाही.

रात्रंदिवस तेच ते सगळं फिरवून फिरवून बघितलं. कुठूनही बघितलं तरी हाना बेव्हनचे तिघं दिसतात. आणि बाबा दिसतात, हातात फावडं घेतलेले.

मला शिव्या दे. पण या रविवारी बाबांना घरात ठेव.

गोमर

०

नांतवेन,
२ मार्च १८८१

गोमर,

तुला पत्र लिहायचं नाही असं ठरवलं होतं. गरज म्हणून लिहितेय.

लँगफर्ड शुक्रवारीच दोन गवंडी घेऊन खाली उतरला. भट्टीच्या विटांवर हात ठेवला म्हणे. मग वर आला आणि दोघांना ऑफिसात बोलावलं. दहा मिनिटांत संपलं. कोर्टात नेत नाही, कारण पेपरात कंपनीचं नाव येईल. नोकरी गेली, घर महिन्याअखेर रिकामं करायचं. इलायसला डीकनांच्या बाकावरूनही उठवलं. ज्यांनी पंखा बंद करायचा ठराव केला त्यांनीच! एकानेही म्हटलं नाही की आम्हीही त्यात होतो.

बाबा गवंड्यांबरोबर गेले होते. तू त्यांना घरात ठेव म्हणालास, पण त्यांना कोण ठेवणार? शेवटची वीट बसेपर्यंत उभे राहिले. गवंड्याने चुना सांडला तर म्हणाले, “नीट लाव, हवा गळेल.” मग वर आले, टोपी काढली आणि तेव्हापासून खुर्चीत बसून आहेत. सार पुढ्यात गार होतं. काल एकच बोलले. “कधी स्फोट झाला? विचार त्याला. एक दिवस दाखव म्हणावं.”

सांग ना. दाखव. काहीच झालं नव्हतं, गोमर. एवढ्या रविवारांत काहीच झालं नाही, आणि आता कधी होणार नाही, म्हणजे तुझं खरं होतं की त्यांचं हे कुणालाच कळायचं नाही. तू बरोबर असशील. माझं डोकं म्हणतं तू बरोबर आहेस. पण माझ्या स्वयंपाकघरात एक म्हातारा बसलाय, आणि तो कशासाठी बसलाय हे मला त्याला दाखवता येत नाही.

गावात चहाड्या करणाऱ्याची बहीण म्हणून बायका रस्ता ओलांडतात. फक्त काल सकाळी दार उघडलं तर पायरीवर फडक्यात गुंडाळलेला ताजा पाव होता. फडकं हाना बेव्हनचं. ती स्वतः आली नाही.

आता गरजेचं. जायला जागा नाही. इलायसच्या भावाकडे आधीच आठ माणसं. स्वान्सीच्या गोदीत इंजिनावर माणूस हवा असेल तर बघ. मला तुझ्याकडे यायचं नाही, पण यावं लागेल. बाबा म्हणतात, “मी त्याच्या दारात पाय ठेवणार नाही. वाटेत उतरवून द्या.” मी तुझ्यावर अजून रागावलेली आहे, हे ध्यानात ठेवून उत्तर दे.

सेफोरा

०

स्वान्सी,
४ मार्च १८८१

प्रिय ताई,

या. सगळे या. दोन खोल्या रिकाम्या केल्यात, मी माळ्यावर झोपेन. गोदीत बोललोय, भाऊजींना चौदा तारखेपासून वाफेच्या क्रेनवर घेतात. डीकन होते की नव्हते हे तिथे कुणी विचारत नाही.

बाबांना म्हणावं, दाखवायला माझ्याकडे काही नाही. आमचं काम नीट झालं की काहीच होत नाही, आणि जे झालं नाही त्याचं माप कोण घेणार? मी माफी मागत नाही. तेच पत्र मी पुन्हा लिहीन. पण ते लिहिल्यापासून मला धड जेवण गेलेलं नाही, हेही त्यांना सांग. हे सांगितल्याने काही होणार नाही, तरी सांग.

तू रागावलेली असलीस तरी चालेल. इथे येऊन रागाव.

आणखी एक. माझ्या स्वयंपाकघरातली शेगडी धूर ओकते. घर घेतल्यापासून ओकते. दोन कारागीर येऊन गेले, मी स्वतः नळकांड्याचा हिशोब केला, उंची वाढवली, काही उपयोग नाही. मी भाकरी बाहेरून आणतो. आग का ओढत नाही ते मला कळत नाही, आणि ज्याला कळेल असा मी एकच माणूस ओळखतो.

त्यांना पुढच्या दाराने यायचं नसेल तर हरकत नाही. मागच्या गल्लीतून अंगणात शिरलं की दार सरळ स्वयंपाकघरात उघडतं. कोळसा आणून ठेवलाय, शेगडी पेटवलेली नाही.

बारा तारखेला, शनिवारी, दुपारच्या गाडीला स्टेशनवर येतो.

तुझा,
गोमर